चौथीत आलेल्या मुलांना वाचता येत नाही, आता "सगळ्या शाळेनं" मिळून करायचंय म्हणे. म्हणजे नक्की काय करायचं?

खडूची_धूळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज वैतागून लिहितेय. मी चौथीला शिकवते. वर्गात ३४ मुलं, त्यातली ९ वाचनात मागे. म्हणजे दोघं अजून काना-मात्रेला अडखळतात, पाच जण वाचतात पण एकेक अक्षर सुटं सुटं, क... म... ळ, आणि वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते, आणि उरलेली दोघं तर घडाघडा वाचतात पण काय वाचलंस विचारलं की छताकडे बघत बसतात.

आत्तापर्यंत असं होतं की ही नऊ मुलं "माझी". शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवा, रेमेडिअल घ्या, रजिस्टर भरा. यंदा मुख्याध्यापक बाईंनी ठरवलं की सगळ्या शाळेनं मिळून करायचं, त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. छान झालं हो, खेळ झाले, गाणी झाली, चार्ट पेपर रंगवले, ग्रुप फोटो झाला. सोमवारी वर्गात उभी राहिले तर आता नेमकं वेगळं काय करायचं तेच कळेना. वर बाईंनी आराखडा बनवायचं काम माझ्याच गळ्यात मारलंय.

कुणाच्या शाळेत हे खरंच चाललंय का? कागदावर नाही, खरंच.

गणितवाला

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मी सातवीला गणित शिकवतो. आठवड्याचे तास मोजून मिळतात, पोर्शन डोक्यावर. आता वाचन पण मीच शिकवायचं का? मग भाषेचे शिक्षक काय करणार? "सगळ्यांची जबाबदारी" म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही असा आमच्या स्टाफरूमचा अनुभव आहे.

काना_मात्रा

खडूताई, मी १४ वर्षं रिसोर्स टीचर (शिकताना अडणाऱ्या मुलांना जास्तीची मदत करणारी शिक्षिका) आहे म्हणून जरा लांब लिहिते, गोड मानून घ्या.

तुम्ही तुमच्याच पोस्टमध्ये अर्धं काम करून ठेवलंय. नऊ मुलं म्हणजे एक गट नाही, ते तीन वेगवेगळे त्रास आहेत आणि शाळा सुटल्यावर तिन्ही प्रकारच्या मुलांना एकत्र बसवून एकच धडा पुन्हा वाचून घेतला तर कुणालाच काही मिळत नाही. रेमेडिअल बहुतेक ठिकाणी इथेच फसतं, बाईंची मेहनत कमी पडत नाही, अंदाज चुकलेला असतो.

अगदी साधी तपासणी सांगते. एक छोटा उतारा घ्या, मुलानं आधी न पाहिलेला. त्याला वाचू द्या, चार प्रश्न विचारा. मग तेवढ्याच अवघड दुसरा उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा. ऐकून सगळं सांगतो पण वाचून सांगता येत नाही, तर भाषा ठणठणीत आहे, अडचण अक्षरं उलगडण्यात आहे. ऐकूनही कळत नसेल तर अक्षरांचा सराव कितीही घ्या, उपयोग नाही, तिथे शब्द, वाक्यरचना, विषयाची माहिती यावर काम लागतं. छताकडे बघणारी तुमची दोघं बहुधा यातली.

हे माझं डोकं नाही, गॉफ आणि टन्मर या दोघांनी १९८६ मध्ये मांडलंय: वाचून समजणं = अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. अधिक नाही, गुणिले. गणितवाला सर, तुम्हाला वेगळं सांगायला नको, एक बाजू शून्य झाली की काय होतं ते.

आणि एक, पाठ्यपुस्तकातला धडा तपासणीला अजिबात घेऊ नका. मुलांना तो पाठ असतो. पान उलटं धरून वाचणारी पोरं पाहिलीत मी. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची एक छोटी चाचणी घेतात, ४० शब्द, त्यातले निम्मे चक्क खोटे, कुठल्याच पुस्तकात नसलेले. आपणही करू शकतो: मिखू, टोळेप, झापुरी. पाठांतरवाली मुलं इथे लगेच कळतात.

मधली_सुट्टी

मी शिक्षिका नाही, पालक आहे, तिसरीतल्या मुलीची आई. मला शाळेतून कळवलं की तिला जास्तीची मदत देतोय, मी खूश. मग समजलं की ती मदत चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासाला. जे दोन तास तिला आवडतात तेच दोन काढून घेतले. आता ती वाचनाला शिक्षा म्हणते. मी विचारलं तर उत्तर मिळालं की "मॅडम, टाइमटेबलमध्ये दुसरा स्लॉट नाहीये". यात पालकानं काय करायचं असतं?

जुनी_घंटा

मधली सुट्टी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वर्गशिक्षिकेकडे नसतं, ते मुख्याध्यापकाच्या खुर्चीत असतं. मी त्या खुर्चीत ११ वर्षं बसलो, आता निवृत्त. आणि कबूल करतो की पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच केलं. वाचनात मागे पडलेल्या मुलांना खेळाच्या तासाला काढायचो, कारण खेळाचे सर तक्रार करत नसत. एक वर्ष तर भाषेच्या तासातूनच काढलं! म्हणजे ज्याला जास्त भाषा हवी त्याचा भाषेचा तास घेऊन दुसरीकडे भाषा शिकवली, बेरीज शून्य. हे माझ्या लक्षात यायला एक सत्र गेलं.

नंतर जे केलं त्यात जादू काही नव्हती. दुसरी ते पाचवी, सगळ्या वर्गांना एकाच वेळी ४० मिनिटं वाचनाचा तास ठेवला, नेहमीच्या भाषेच्या तासाखेरीज. त्या वेळात मुलं आपापल्या वर्गात न बसता ज्याला जे हवं त्या गटात जायची. ग्रंथपाल, चित्रकलेच्या बाई, खेळाचे सर, सगळ्यांकडे एकेक गट. सर्वात अडलेल्या मुलांचा गट सर्वात लहान, पाच-सहा जणांचा, आणि तो शाळेतल्या सर्वात अनुभवी बाईंकडे. यावरून स्टाफरूममध्ये भांडण झालं, कारण रिवाज उलटा होता, नवीन लागलेल्या शिक्षकाच्या माथी ती मुलं मारायची. सगळी शाळाच इकडून तिकडे जात असल्यामुळे कोण कुठल्या गटात याकडे मुलांचं फार लक्ष राहिलं नाही. थोडं राहिलंच. गटांना फुलांची नावं दिली तरी मुलांना बरोबर कळतं कुठलं फूल कच्चं आहे ते!

दर सहा आठवड्यांनी गट बदलायचे ही अट मात्र पाळलीच पाहिजे. नाही तर तो गट म्हणजे तुरुंग होतो.

अर्धविराम

घंटाकाकांना +१. प्रशिक्षणाबद्दल थोडं लिहितो, माझं कामच शिक्षकांबरोबर असतं.

दोन दिवसांचं शिबिर आणि सोमवारी वर्गात अंधार हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. जॉइस आणि शॉवर्स या दोघांनी १९८० च्या सुमारापासून हेच मांडलंय की व्याख्यान ऐकून माहिती मिळते, पण वर्गात ती उतरायला आधी कुणीतरी करून दाखवावं लागतं, मग आपण करून बघायचं, आणि मग आपल्याच वर्गात कुणीतरी मागे बसून बघावं आणि नंतर चार शब्द बोलावं. हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी गळतो कारण त्याला वेळ आणि माणूस लागतं, शिबिराला फक्त हॉल लागतो.

२०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी अशा कोचिंगवरचे (म्हणजे क्लास नव्हे, शिक्षकाच्या वर्गात बसून त्याला मार्गदर्शन करणं) ६० अभ्यास एकत्र करून पाहिले. शिकवण्याच्या पद्धतीत चांगला फरक दिसला, ०.४९ प्रमाण विचलन (म्हणजे शिक्षका-शिक्षकांत एरवी जो फरक असतो त्याच्या साधारण निम्मा), मुलांच्या निकालात त्याहून कमी, ०.१८. आणि कार्यक्रम मोठा केला की परिणाम उतरतो हेही त्यात दिसलं. म्हणजे कोच नेमला की झालं असं नाही, तो किती शिक्षकांमध्ये वाटला जातोय ते बघायचं.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचं उदाहरण नेहमी देतात. २०१३ मध्ये कायदा केला, लहान वर्गांच्या शिक्षकांना वाचनाचं लांबलचक प्रशिक्षण, आणि सर्वात मागे असलेल्या शाळांमध्ये कोच पाठवले. राष्ट्रीय चाचणीत चौथीची वाचनाची सरासरी २०१३ ला २०९ होती, २०१९ ला २१९ झाली.

गणितवाला

त्याच कायद्यात तिसरीत वाचता आलं नाही तर त्याच वर्गात ठेवायची तरतूदही होती ना? मग कच्ची मुलं चौथीच्या परीक्षेला बसलीच नाहीत, सरासरी वाढणारच. आकडे मलाही वाचता येतात :)

अर्धविराम

बरोबर पकडलंत सर, त्यावर वाद आहेच. मागे ठेवलेली मुलं पुढच्या वर्षी चौथीत येतातच, पण एक वर्ष मोठी होऊन आणि एक वर्ष जास्त शिकून, तेव्हा काही भाग त्याचा असू शकतो. त्या राज्यानं एकाच वेळी चार गोष्टी केल्या, कुठल्या एकीला श्रेय द्यायचं हे सुटं काढणं अवघड आहे. माझा मुद्दा एवढाच की कोच शाळेत जाऊन बसले, शिबिरावर भागवलं नाही.

जाता जाता, खडूताई, तुमच्या प्रशिक्षणात "हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, ते हाताने शिकणारं" असा चार्ट होता का? असला तर तो खुशाल विसरा. पॅशलर आणि मंडळींनी २००८ मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं, मुलाच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त येतं याला धड पुरावा मिळाला नाही.

खडूची_धूळ

होता. मीच रंगवलाय तो. वर्गात लावलाय 🙈

पाठीमागचा_बाक

मी शिक्षक नाही, पालक नाही, वाचनात कच्चा असलेला विद्यार्थी होतो, आता चाळिशीत आहे. एकच सांगायचंय. वर्गात ओळीनं उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावू नका.

माझं तंत्र ठरलेलं होतं. माझ्या पुढे किती मुलं आहेत मोजायचं, तेवढे परिच्छेद सोडून माझा शोधायचा आणि माझी पाळी येईपर्यंत तोच मनात घोकत बसायचं, बाकीचे काय वाचतायत ते मी कधी ऐकलंच नाही. एकदा मधला एक मुलगा पाणी प्यायला बाहेर गेला आणि माझा हिशोब एका परिच्छेदानं चुकला. मी उभा राहिलो आणि तयार केलेला परिच्छेद म्हणायला लागलो, पुस्तकात नजर ठेवून, व्यवस्थित आवाजात. तो पुढचा होता. वर्ग इतका हसला की बाईही हसल्या. बाई वाईट नव्हत्या हो. पण त्या दिवशी त्यांना कळायला हवं होतं की हा पोरगा वाचत नाहीये, पाठ म्हणतोय, आणि त्यांना वाटलं माझं लक्ष नाही. पुढे दोन वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर "लक्ष कमी" असंच येत राहिलं.

मधली_सुट्टी

वाचून कसंतरी झालं. माझ्या मुलीच्याही प्रगतिपुस्तकावर "एकाग्रता वाढवावी" आहे.

वेलांटी

मला एक विचारायचंय. वर जे संशोधन आलंय ते बहुतेक इंग्रजीचं. आपली लिपी तर जशी बोलतो तशी लिहितो ना? मग आपल्या मुलांना इतका त्रास का व्हावा?

काना_मात्रा

चांगला प्रश्न, आणि प्रशिक्षणात नेमका हाच भाग नसतो. इंग्रजीपेक्षा आपलं सरळ आहे हे खरं, पण अक्षरांचे आकार किती होतात ते मोजा. बाराखडीनं गुणा, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांवर काम केलंय (२००७), कन्नडची रचनाही आपल्यासारखीच अक्षरांची, आणि त्यात दिसलं की सगळी अक्षरं आत्मसात व्हायला मुलांना पहिली-दुसरी पुरत नाही, ते पुढेही काही वर्षं चालू राहतं. आपण दुसरीच्या शेवटी जोडाक्षरं "संपवतो" आणि तिसरीपासून वाचनाकडे बघतच नाही.

मग बारीक गोष्टी. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. रफार उलटा, तो उच्चारायचा आधी पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. एकटा र बघा, क्रम, राष्ट्र, सूर्य, वाऱ्यावर, चार ठिकाणी चार रूपं. घ-ध, भ-म यांची गल्लत तर आहेच. आणि "करवत" हा शब्द आपण कर-वत असा म्हणतो, क-र-व-त असा नाही. मूल चारही अक्षरं बरोबर म्हणतं आणि तरी त्याला शब्द ऐकू येत नाही, कारण त्यानं जे म्हटलं तो शब्दच नाही. अशा मुलाला "जोरात वाच" म्हणून काय होणार? आधी तोंडी खेळवा, करवतचे तुकडे कर, पुन्हा जोड, मग कागदावर.

सुटं सुटं वाचणाऱ्या पाच जणांसाठी तोच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचणं चांगलं चालतं, पहिल्यांदा तुम्ही वाचून दाखवायचा, मग बरोबरीनं, मग त्यानं एकट्यानं. सॅम्युएल्सनं १९७९ मध्ये ही रीत मांडली, जुनी आहे पण अजून तिच्यासारखी स्वस्त आणि सोपी दुसरी मला सापडली नाही.

जुनी_घंटा

आणि थांबून बघू, मोठा झाला की येईल, हे मात्र कुणी म्हणू नका. मी पालकांना शेकडो वेळा म्हटलंय ते. जूल यांचा १९८८ चा अभ्यास कुणीतरी फार उशिरा माझ्या हातात ठेवला, ५४ मुलं पहिली ते चौथी पाहिली होती. पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ०.८८ निघाली. एकाच शाळेतली मुलं होती, तरी तो आकडा काही डोक्यातून जात नाही.

गणितवाला

परत आलो. मात्राताईंनी सांगितलेला प्रयोग माझ्या वर्गात केला, सिद्ध करायचं होतं की माझ्या मुलांना गणितच येत नाही. शाब्दिक उदाहरणात नेहमी शून्य घेणारी सहा मुलं घेतली, उदाहरणं मी वाचून दाखवली. सहापैकी चौघांनी सोडवली. एकानं तर तोंडी.

सहामाही चाचणीत या चौघांना मी नापास केलंय. एवढंच लिहायला आलो होतो.

काना_मात्रा

सर 🙏 आता एकच करा, नवीन धडा सुरू करताना त्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर तोडून लिहा, दोनदा वाचून घ्या, अर्थ सांगा. तीन मिनिटं. बाकी वाचन शिकवायचं आम्ही बघतो.

खडूची_धूळ

पाच आठवडे झाले, काय काय झालं ते सांगते.

आराखडा मी दोन पानांवर आणला. बाईंना घंटाकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला (कोण म्हणालं ते नाही सांगितलं!). चाळीस मिनिटं मिळाली नाहीत, तीस मिळाली, आणि फक्त तिसरी-चौथी-पाचवी. शाळा सुटल्यानंतरचं रेमेडिअल बंद. रजिस्टर मात्र बंद झालं नाही, ते बहुधा शाळेच्या इमारतीपेक्षा जास्त टिकेल.

दर बुधवारी वीस मिनिटं सगळा स्टाफ बसतो आणि एकाच मुलाचं एक मिनिटाचं वाचनाचं रेकॉर्डिंग ऐकतो. पहिल्या बुधवारी माझ्या वर्गातल्या एकाचं लावलं. मी इतके दिवस धरून चालले होते की याला भाषाच कळत नाही. खेळाचे सर म्हणाले, छे, मैदानावर पाच सूचना एकदम दिल्या तरी हा एकटाच क्रमानं करतो. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, फळ्यावरून उतरवताना एका अक्षरासाठी दोनदा मान वर करतो. दोघांनाही हे वर्षभर माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याला तीन महिने चुकीच्या गटात बसवलं होतं.

कोच वगैरे काही मिळाला नाही. मी आणि तिसरीच्या बाई एकमेकींच्या तासाला आठवड्यातून एकदा मागे बसतो. पहिल्यांदा दोघींनाही घाम फुटला. दोन शिक्षक बुधवारी अजून येत नाहीत, एकानं तोंडावर सांगितलं की हे फॅड आहे, सहा महिन्यांत जाईल. जाईलही कदाचित.

शैलीचा चार्ट काढला. मागचा कागद चांगला होता, त्यावर जोडाक्षरं लिहिली.

आता अडचण. नऊपैकी सहा जण पुढे सरकतायत, दर आठवड्याला मिनिटभराचे बरोबर शब्द मोजून आलेखावर ठिपका मारतो. तिघांचे लागोपाठ चार ठिपके अपेक्षित प्रगतीसाठी आखलेल्या रेषेच्या खाली आहेत. अजून थांबू का?

काना_मात्रा

चार ठिपके खाली म्हणजे थांबायचं नाही, पद्धत बदलायची, मुलाला आणखी जोर लावायचा नाही. त्यांच्या चुका लिहून ठेवल्यात ना? नेमके कुठे अडतात?

खडूची_धूळ

आत्ता वही काढून बघितली. दोघांचे सगळे र. क्र, प्र, ट्र, रफार, सगळीकडे र गाळून पुढे जातात. तिसरी बऱ्याच वेळा ओळच सोडते, तिचे डोळे तपासून घ्यायला पालकांना सांगितलंय.

काना_मात्रा

डोळ्यांचं बरं केलंत. र वाल्यांना दोन आठवडे फक्त क्र, प्र, ग्र द्या, तोंडी आणि कागदावर दोन्ही. मग ट्र, ड्र. रफार सगळ्यात शेवटी, तोवर त्याला हात लावू नका.

गणितवाला

थांबा थांबा, तुमची ती पोरं उद्या माझ्याकडेच येणार आणि माझ्याकडे वर्ग, वर्गमूळ, वर्तुळ सगळ्याच्या डोक्यावर रफार बसलाय. रफार कधी सुरू करताय ते कळवा, मी माझे पाच शब्द त्याच आठवड्यात फळ्यावर घेतो.